मान्यवर स्टुडिओत आहेत

आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर स्टुडिओचा जाड दरवाजा मागे बंद झाला, की मान्यवर आधी खुर्ची हलवून बघतात. कुरकुरणारी खुर्ची मायक्रोफोन पकडतो, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. मग ते कागदांची टाचणी काढतात, पानं सुटी करतात आणि एकावर एक अशी रचतात की उलटताना आवाज होऊ नये. मोबाइल बाहेर पुतण्याकडे असतो. ‘कुणाचाही फोन आला तरी रेकॉर्डिंगला आहेत म्हणून सांग’ अशी त्याला ताकीद असते. फोन येत नाही. मग पुतण्याच आपल्या फोनवरून दोघातिघांना कळवतो.

असे मान्यवर प्रत्येक जिल्ह्याला एक-दोन तरी असतातच. बहुधा निवृत्त प्राध्यापक, एखाद्या पतसंस्थेचे माजी संचालक, नगर वाचनालयाचे विश्वस्त आणि एकांकिका स्पर्धेचे परीक्षक. हे चार वेगळे गृहस्थ असतील असं बाहेरगावच्या माणसाला वाटतं. राज्याचं राजकारण, खाद्यसंस्कृती आणि नुसती संस्कृती या तिन्ही विषयांवर त्यांचा अधिकार सारखाच चालतो. त्यामुळे कार्यक्रम अधिकाऱ्याला ऐन वेळी विषय बदलावा लागला, तरी पाहुणा बदलावा लागत नाही.

पैकी राजकारणाला एक अडचण आहे. आकाशवाणीची स्वतःची आचारसंहिता आहे आणि ती निवडणुकीपुरती नसते, बाराही महिने असते. मित्रराष्ट्रांवर टीका नको, धर्मावर किंवा समाजावर हल्ला नको, न्यायालयाचा अवमान नको, राष्ट्रपती, राज्यपाल आणि न्यायसंस्थेच्या सचोटीवर शिंतोडे नकोत, केंद्रावर किंवा कुठल्याही राज्यावर वैरभावाने टीका नको आणि पक्षाचं नाव घेऊन हल्ला नको. एवढं सगळं वगळून महाराष्ट्राच्या राजकारणावर अर्धा तास बोलून दाखवायचं.

मान्यवर बोलतात. किंबहुना नावं घ्यायची मुभा दिली, तर त्यांची निम्मी कला वाया जाईल. 23 नोव्हेंबर 2019 च्या शपथविधीबद्दल ते म्हणतात, “त्या दिवशी राज्याला जरा लवकर जाग आली.” जून 2022 बद्दल, “काही मंडळी सुरतमार्गे आसामचा निसर्ग पाहून आली.” एवढ्यावर ऐकणाऱ्याला झाडी दिसते, डोंगार दिसतो, हाटेलही दिसतं. फेब्रुवारी 2023 मध्ये निवडणूक आयोगाने शिवसेनेचं नाव आणि धनुष्यबाण एका गटाला दिला, फेब्रुवारी 2024 मध्ये राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ तसंच एका गटाकडे गेलं. तेव्हापासून तर मान्यवरांची पद्धतच सोयीची ठरली आहे. नाव घेणाऱ्याला पुढे कंस काढून ‘म्हणजे कुठली’ ते सांगावं लागतं. “एक पक्ष, जो पूर्वी एक होता” असं म्हणणारे मान्यवर दोन वाक्यं पुढे गेलेले असतात.

सांगलीची 2024 ची लोकसभा निवडणूक तर जणू त्यांच्यासाठीच घडली. आघाडीने जागा ठाकरे यांच्या पक्षाला सोडली, त्या पक्षाने डबल महाराष्ट्र केसरी पैलवान चंद्रहार पाटील यांना उतरवलं, भाजपने खासदार संजयकाका पाटील यांना पुन्हा उभं केलं आणि वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष म्हणून लिफाफा घेऊन निवडून आले. मान्यवरांनी हे सगळं असं सांगितलं: “एका बाजूला आखाडा होता, दुसऱ्या बाजूला अनुभव होता, जिल्ह्याने टपाल निवडलं.” निवेदिकेला हसू आवरेना. तिने खोकल्यासारखं केलं आणि काचेपलीकडच्या तंत्रज्ञाने मान खाली घातली.

या पद्धतीचा फायदा मात्र मान्य करायला हवा. रात्री नऊच्या टीव्हीवरच्या चर्चेत नावं घ्यायची मोकळीक असते, म्हणून तिथे नावांपलीकडे काही ऐकू येत नाही. रेडिओवर पक्ष काढून टाकल्यावर उरतं काय, तर उसाचा दर, म्हैसाळ योजनेचं पाणी, जतच्या पूर्व भागातले टँकर, कृष्णेचा 2005 आणि 2019 चा महापूर. मान्यवरांना इच्छा नसतानाही मुद्द्यावर बोलावं लागतं. तसं रेडिओने राजकारण नेहमी मागच्या दारानेच घरात घेतलं. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये टेकाडे भावजी आणि मीनावहिनी चालू घडामोडी घरगुती गप्पांतच काढत.

खरी कसोटी लागते ती जेवणावर. आचारसंहितेत खाण्याबद्दल एकही कलम नाही, ही ती करणाऱ्यांची मोठीच चूक म्हणावी लागेल. फोन-इन कार्यक्रमात मान्यवरांनी सरकारबद्दल काहीही सूचित करावं, फोन एखाददुसरा येतो. एकदा ते सहज बोलून गेले, की मिसळीत पोहे चालतात. लाइन अर्धा तास मोकळी झाली नाही. कोल्हापूरच्या बाजूचे श्रोते कट आणि ब्रेडचे स्लाइस यांच्या बाजूने बोलले. पुण्यात शिकून आलेल्या एकाने सँपल वाटीत वेगळं मागायच्या हक्काची आठवण दिली. एकाने नाशिकच्या काळ्या मसाल्याच्या रश्शाला आणि सोबतच्या पापडाला न्याय मागितला. मान्यवरांनी समन्वयाची भूमिका घेतली. राजकारणात ती खपते, मिसळीत खपली नाही.

पांढऱ्या रश्शाचा प्रसंग त्याहून वाईट. मान्यवर रंगात आले होते. नारळाचं दूध कितव्या मिनिटाला घालावं, ते उकळू का देऊ नये, काजूची पेस्ट हा हॉटेलवाल्यांनी आणलेला भ्रष्टाचार कसा, असं सगळं सांगून झालं. तेवढ्यात शिरोळहून एका बाईंचा फोन आला. आवाज साठीच्या पुढचा, अगदी शांत.

“नमस्कार सर, कार्यक्रम छान चाललाय. एवढंच विचारायचं होतं, तुम्ही स्वतः कधी केलाय का हो पांढरा?”

रेडिओवर तीन सेकंदांची शांतता फार मोठी असते. ड्युटी रूममधला माणूस खुर्चीतून उठतो. निवेदिकेने काचेकडे बघून हात केला आणि श्रोत्यांना एक भावगीत ऐकवण्यात आलं.

संस्कृतीत तरी मान्यवर सुरक्षित असतील असं वाटतं. सांगली ही नाट्यपंढरी. 1843 साली विष्णुदास भावे यांनी इथे ‘सीतास्वयंवर’ केलं, देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. हे ते डोळे मिटून सांगतात. अडतात फक्त आरंभाच्या गोष्टीशी. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी पाहिले आणि मराठीत असं काही करा, असं भावे यांना सांगितलं. सीमाप्रश्नाचा दिवस असला की मान्यवर हा तपशील गाळतात आणि सलोख्याचा दिवस असला की घोळवून सांगतात. एकदा जतच्या श्रोत्याने कानडी हेल काढून विचारलं, “म्हणजे नाटकाचं बी आमच्याकडचंच की हो?” मान्यवरांनी कोल्हापुरी चपलेचा आधार घेतला. 2019 मध्ये तिला मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं मिळून आहे, तसंच हे समजा, म्हणाले. उत्तर खरोखर चांगलं होतं. त्यांना नंतर तेच उत्तर तीन कार्यक्रमांत पुरलं.

खासगी एफएमवर त्यांचं जमत नाही. तिथे स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात तेवढंच. म्हणून राजकारण वजा. उरलेल्या दोन विषयांना मिळून दीड मिनिट. आरजेने “सर, रॅपिड फायर! भडंग की भेळ?” असं विचारलं, तेव्हा मान्यवरांनी “या प्रश्नाकडे आपण ऐतिहासिक दृष्टीने पाहू” अशी सुरुवात केली आणि पलीकडून जाहिरात लागली.

प्रसारणाच्या दिवशी घरात कुकरची शिट्टी होऊ दिली जात नाही. मान्यवर स्वतःचा आवाज ऐकत हातातल्या कागदावर खुणा करतात. कुठे वाक्य कापलं गेलं, कुठे निवेदिका मध्येच बोलली. मग फोन येतात. मेहुणा म्हणतो, आवाज ओळखूच आला नाही. इस्लामपूरचे जुने विद्यार्थी म्हणतात, सर, त्या एका पक्षाला बरोबर हाणलंत. कुठल्या, ते मान्यवर विचारत नाहीत. पलीकडचाही सांगत नाही, आणि दोघेही आपापल्या पक्षाला धरून समाधानी राहतात.

परवा केंद्रातून पुन्हा विचारणा झाली. या वेळी विषय राजकारण नाही, खाणं नाही, संस्कृतीही नाही. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातले ठरलेले डॉक्टर आजारी पडलेत, ‘पावसाळ्यात दुभत्या जनावरांची निगा’ यावर दहा मिनिटं हवी आहेत, कुणी ओळखीचं आहे का?

“ओळखीचं कशाला,” मान्यवर म्हणाले, “घटसर्प, फऱ्या आणि गोठ्यातला ओलावा, एवढंच ना? मंगळवारी किती वाजता येऊ?”