छापील किमतीचे ललित वाङ्मय

१९९७ साल नगरकरांच्या लक्षात आहे ते साहित्य संमेलनामुळे. अध्यक्ष ना. सं. इनामदार. ऐतिहासिक कादंबरीकार म्हटल्यावर सत्य किती नि कल्पना किती, हा प्रश्न आलाच. त्याच वर्षी २९ ऑगस्टला दिल्लीत राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण स्थापन झाले. या दोन घटनांचा काही संबंध असेल असे तेव्हा कुणाच्या मनातही आले नाही. पण जेनेरिक गोळ्यांच्या पाकिटावरची छापील किंमत जो मन लावून वाचेल, त्याला पटेल की ललित वाङ्मयाला वाईट दिवस आलेत ही ओरड खोटी आहे. लेखन जोरात चालू आहे. फक्त ते पाकिटाच्या मागे, बारीक अक्षरात होते.

आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर मेडिकलची ओळ आहे. एकाची पाटी '१५ टक्के सूट', शेजाऱ्याची २०, तिसऱ्याने थेट 'जेनेरिक, ८० टक्क्यांपर्यंत सूट' असे रंगवले. ज्या धंद्यात सरकारी सूत्र दुकानदाराला सोळा टक्के धरते, तिथे ऐंशी टक्के सोडणारा माणूस एकतर संत असणार, नाहीतर दिवाळखोर. ज्या जिल्ह्यात नेवाशाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथे संत निघणे अशक्य नाही. पण या संताने नुकतीच चारचाकी घेतली.

शेवटी त्या दुकानदारांना विचारलेच. "सर, सोळा टक्के बरोबर आहेत," ते म्हणाले, "पण ते सूत्रात. समजा स्ट्रिप मला बारा रुपयाला पडली आणि वर नव्वद छापलेत. मी तुम्हाला निम्मे सोडले. तुमचे पंचेचाळीस वाचले, तुम्ही खूश. मला तेहतीस सुटले, मी खूश. ह्यात रडतंय कोण?"

रडणारा कोण, ते सूत्र वाचले की कळते. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने अत्यावश्यक यादीतल्या औषधाची कमाल किंमत अशी ठरते: बाजारात एक टक्का किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेल्या सगळ्या ब्रँडांचा दुकानदाराला पडणारा भाव घ्यायचा, त्याची साधी सरासरी काढायची, वर दुकानदाराचे सोळा टक्के चढवायचे. त्याआधीच्या १९९५ च्या आदेशात निदान गोळी बनवायला खर्च किती आला हे तरी विचारत. आता तो अभद्र प्रश्न कुणी काढत नाही. नेप्तीच्या कांदा बाजाराला ही रीत लावली तर शेतकऱ्याचे कोटकल्याण होईल! पुण्यातल्या काचबंद दुकानांत कांदा ज्या भावाने पोचतो त्याची सरासरी धरायची, वर सोळा टक्के टाकायचे आणि 'यापेक्षा जास्त घेता येणार नाही' म्हणून गिऱ्हाइकाला दिलासा द्यायचा. महागातला महाग ब्रँड सरासरी वर ओढतो, आणि मग बाजारात नव्याने येणारी स्वस्तातली स्वस्त गोळीसुद्धा त्याच छताला हात लावून उभी राहू शकते. छताखाली ती दुकानदाराला कितीला दिली, हे बघायला कुणी येत नाही.

हे झाले यादीतल्या औषधांचे. २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत. यादीबाहेरच्यांना तर पहिली किंमत मनाला येईल ती छापायची मुभा आहे; नंतर मात्र वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. शिस्त म्हणजे शिस्त. आधीच दहापट छापले की वाढवायची गरजही उरत नाही.

सरकारला हे ठाऊक नाही असे कोण म्हणेल? फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्करोगाच्या ४२ औषधांवर विक्रीसाखळीचा नफा ३० टक्क्यांवर रोखला. काही ब्रँडांच्या किमती ८७ टक्क्यांपर्यंत खाली आल्या. औषध तेच, कारखाना तोच. फक्त लेखकाची प्रतिभा आवरली. ताप, पित्त आणि खाज यांना मात्र अभिव्यक्तिस्वातंत्र्य कायम आहे.

मग डॉक्टरांनीच औषधाचे मूळ नाव लिहावे, असा उपाय निघाला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ ला तशी सक्ती केली आणि महिना संपायच्या आत स्थगितीही दिली. एवढ्या वेळात काही डॉक्टरांचे अक्षरसुद्धा लागत नाही. बरे, चिठ्ठीवर महाग ब्रँड असेल तर दुकानदाराने त्याच घटकाचे स्वस्त औषध द्यावे का? तर औषध नियमांतला ६५ वा नियम शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीवरच मिळणाऱ्या, औषधांबाबत ते करू देत नाही. म्हणजे डॉक्टरने लिहायचे नाही, दुकानदाराने बदलायचे नाही आणि रुग्णाने जागरूक राहायचे.

अमेरिकेत तरी वेगळे असेल म्हणून चौकशी केली. तिथे औषधाचे पैसे दुकानदाराला विम्याकडून मिळतात आणि मध्ये एक आडत्या बसतो. जेनेरिक गोळीचे दुकानदाराला किती द्यायचे हे तो ठरवतो. कधी खरेदीपेक्षाही कमी देतो. आर्कान्सा राज्याने २०१५ मध्ये कायदा करून त्याचा हात धरला. आडत्यांची संघटना तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली आणि डिसेंबर २०२० मध्ये हरली. आपल्याकडे ही कटकट नाही. पित्ताची गोळी घेणारे गिऱ्हाईक खिशातून रोख देते आणि त्याची संघटना नाही.

राहिले जनऔषधी केंद्र. २००८ च्या नोव्हेंबरात अमृतसरला पहिले उघडले. तिथे कथा छापत नाहीत, म्हणून किंमत खिशाला झेपते. केंद्र चालवणाऱ्याला वीस टक्के मिळतात, प्रोत्साहन रक्कम वेगळी. पण दहा रुपयांच्या स्ट्रिपवर वीस टक्के म्हणजे दोन रुपये. त्यात दुकानाचे भाडे, फ्रीजचे बिल आणि फार्मासिस्टचा पगार बसवायचा. टक्केवारीचे गणितच असे आहे की स्वस्त विकणारा उपाशी आणि महाग छापणारा तुपात.

मी आमच्या संतांना सुचवले, "टक्केवारी सोडा. परदेशात देतात तशी प्रत्येक चिठ्ठीमागे ठरावीक मजुरी घ्या. गोळी चार रुपयांची असो की चारशेची, तुमचे काम तेवढेच."

त्यांनी मनापासून विचार केला. "चांगलंय सर. पण त्या मजुरीवर सूट किती ठेवायची ते सांगा. गिऱ्हाईक आधी तेच विचारणार."