घेऊन राहिलेले भाऊ

पुण्याचा माणूस ‘करतो आहे’ म्हणतो, नागपूरचा ‘करून राहिलो’ म्हणतो. बाहेरच्याला दोन्ही एकच वाटतात, पण तसं नाही. ‘येऊन राहिलो’ असा फोनवर निरोप आला, तर माणूस अजून अंघोळीलाही गेलेला नाही असं समजावं. ‘गाडी घेऊन राहिलो’ याचा अर्थ मात्र कोणत्याच कोशात मिळत नाही. त्यासाठी भाऊंना भेटावं लागतं.

भाऊ २००९ पासून मोटारसायकल घेऊन राहिले आहेत.

असे भाऊ नागपुरात मोहल्ल्यामोहल्ल्यात सापडतात. धरमपेठेत आहेत, मानेवाड्यात आहेत, प्रतापनगरात तर एकाच फ्लॅटस्कीममध्ये दोन आहेत आणि ते एकमेकांचा सल्ला घेतात. वय पन्नाशीला टेकलेलं, नोकरी पक्की, हप्ता परवडणारा. बुडाखाली ॲक्टिव्हा, डोक्यात इंजिन. मोटारसायकल सोडून मोटारसायकलस्वाराला लागणारं सगळं त्यांनी घेऊन ठेवलंय: हेल्मेट, हातमोजे, गुडघ्यांचे गार्ड आणि एक काळं जाडजूड जॅकेट. जॅकेट वर्षातले अकरा महिने कपाटात असतं, कारण नागपूर ते अंगावर राहू देत नाही. डिसेंबरात पारा दहा-बारा अंशांवर आला, की भाऊ ते चढवतात आणि गोकुळपेठ बाजारातून ॲक्टिव्हावर सांभाराच्या दोन जुड्या घेऊन येतात.

रविवारी सकाळी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोह्याच्या ठेल्यावर भाऊंचं अधिवेशन भरतं. विधिमंडळाचं नागपूर अधिवेशन हिवाळ्यात एकदाच, भाऊंचं बारमाही. प्रश्न पुढच्या वेळेवर ढकलण्याची पद्धत मात्र दोन्हीकडे सारखी. भाऊंचा प्रश्न एकच: जुन्या घाटाची क्लासिक घ्यावी, की नव्या जमान्याची ड्यूक?

आकडे त्यांना तोंडपाठ आहेत. क्लासिक ३५० म्हणजे ३४९ सीसी, वीस अश्वशक्ती, १९५ किलो. ड्यूक ३९० म्हणजे पंचेचाळीसच्या आसपास अश्वशक्ती आणि १६८ किलो. दुपटीहून जास्त ताकद आणि तिसरीतल्या पोट्ट्याएवढं वजन कमी. कागदावर हा सामना नाणेफेकीलाच संपतो. पण भाऊ कागदावर खेळत नाहीत, पोह्यावर तर्री ओतून घेत खेळतात.

“जोर कोणत्या आरपीएमवर येते ते पहा ना बाप्पा,” ते म्हणतात. “क्लासिकचा चार हजारावर, ड्यूकचा साडेसहा हजारावर. लॉ कॉलेज चौक ते शंकरनगर चौक साडेसहा हजार आरपीएम कुठं करता? तेवढी नेली तर सिग्नल मागे राहते अन् चालान पुढे येते.”

ऐकणाऱ्याला वाटतं, झालं, क्लासिक ठरली. तो हात धुवायला जाऊन परत येईपर्यंत भाऊ ड्यूकच्या ब्रेकवर आलेले असतात.

या दुखण्याचं मूळ पाटबंधारे खात्यातल्या काकांकडे आहे. काकांची बुलेट होती. ती सुरू करणं हा विधी होता. आधी ॲमीटरचा काटा मध्यावर आणायचा, मग डीकॉम्प्रेशनचा खटका दाबून किक हळूच खाली न्यायची, मग खटका सोडून एकच सणसणीत किक. चुकली तर किक उलटी पोटरीवर यायची. गाडी सुरू झाली की गल्लीतली पोरं टाळ्या वाजवत, आणि काका ऑफिसला नाही, मोहिमेवर निघाल्यासारखे निघत. बुलेट हे नाव १९३२ सालचं, इंग्लंडमधल्या रेडिच गावचं. आपल्या लष्कराला सरहद्दीवर फिरायला दणकट गाडी हवी होती, म्हणून १९५५ मध्ये मद्रासला तिचा कारखाना उभा राहिला. पुढे विलायतेतली मूळ कंपनी आटोपली आणि मद्रासची चालूच राहिली. कामठीची छावणी नागपूरच्या उशाशी असल्यामुळे लष्करी बुलेटचा आवाज इथल्या कानांना घरचा होता. फौजदार, दूधवाले आणि काका, या तिघांची ती गाडी. भाऊंच्या छातीतली धडधड तेव्हापासूनची आहे. डॉक्टरांनी ईसीजी काढून पाहिला, त्यात ती आली नाही.

२००९ च्या हिवाळ्यात बुलेटच्याच घराण्यातली क्लासिक बाजारात आली आणि भाऊंनी जाहीर केलं, “घेऊन राहिलो.” त्या काळी नंबर लावून महिनोन्‌महिने थांबावं लागायचं. तोवर कामचलाऊ म्हणून जानेवारी २०११ मध्ये ॲक्टिव्हा घेतली. क्लासिकचा नंबर लागायच्या बेतात होता, तेवढ्यात २०१२ च्या जानेवारीत चाकणला बनलेली ड्यूक २०० अवतरली. भाऊंनी क्लासिकचा नंबर सोडला. ड्यूक घेणार, तर ३९० येते आहे अशी कुणकुण लागली. २०१३ मध्ये ती आली, तोवर भाऊंना पुन्हा काका आठवायला लागले होते.

२०१८ चा नोव्हेंबर तर भाऊंच्या मुळावरच आला. १४ तारखेला इंटरसेप्टर ६५० ची किंमत जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी जावा परतली. म्हैसूरच्या जुन्या जावाचा गिअरचा दांडा हाच किकचा दांडा असायचा, ही माहिती भाऊंनी त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगितली, लग्नाच्या पंगतीत वाढप्यालासुद्धा. वाढपी म्हणाला, “भाऊ, मठ्ठा घेता?” भाऊ म्हणाले, “थांबून पाहू.”

मध्यंतरी जुनी, खऱ्या बिडाच्या इंजिनाची बुलेटच घ्यावी असंही मनानं घेतलं. सक्करदऱ्याच्या मिस्त्रीनं समजावलं, “भाऊ, तिचा गेअर उजव्या पायाला अन् ब्रेक डाव्या पायाला. तुम्ही इतकी वर्षं दोन्ही हातानं ब्रेक लावून राहिले. ऐन चौकात ब्रेक म्हणून गेअर दाबसान.” शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, जुन्या गाडीचे रबरी पाइप ते किती सोसतील, हा प्रश्न निघाला. भाऊंना एवढंच हवं होतं. नवा प्रश्न मिळाला की ते टवटवीत होतात.

मुलगा इंजिनिअरिंगला गेल्यावर घरात विरोधी पक्ष तयार झाला. तो म्हणतो, “बाबा, एअर कूल्ड इंजिन घेऊन मे महिन्यात काय कराल? लिक्विड कूल्ड घ्या.” यावर भाऊंनी ३० मे २०२४ चा दाखला शोधला. त्या दिवशी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं तापमान ५६ अंश दाखवलं होतं. छप्पन अंशांत रेडिएटरचा पंखा गरम वारा थेट मांडीवर फेकणार, असा त्यांचा युक्तिवाद. ते यंत्रच बिघडलं होतं, असं हवामान खात्यानं नंतर सांगितलं. भाऊंनी ती दुरुस्ती मान्य केलेली नाही.

वहिनींचं मत एकदाच घेण्यात आलं. शोरूममध्ये त्यांना ड्यूकच्या मागच्या सीटवर बसवलं. त्या उतरल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, “अहो, पाट तरी याच्याहून मोठा असते.” मग क्लासिकवर बसल्या. “ही ठीक आहे. पण आपल्याला जायचं कुठं आहे?”

हा प्रश्न भाऊंना अन्यायाचा वाटतो. जायच्या जागांची त्यांच्याकडे यादी आहे. रामटेक पन्नास किलोमीटर, सेवाग्राम पंचाहत्तर, चिखलदरा सव्वादोनशेच्या पुढे. आणि सगळ्यांवर कळस म्हणजे समृद्धी महामार्ग. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंतचा टप्पा खुला झाला, त्या रात्री भाऊंनी वही काढली. क्लासिक शंभरच्या पुढे दमते, ड्यूक उडते, पण साडेसहाशे किलोमीटरनंतर ड्यूकवर कंबर राहील काय? पेट्रोल कुठं भरायचं, पाठीला पट्टा बांधायचा की नाही, सगळं लिहून झालं. तीन रविवार हा विषय चालला. चौथ्या रविवारी पोहेवाल्यानं प्लेट पुढे सरकवत सांगितलं, “भाऊ, समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे.”

ठेल्यावर शांतता पसरली. भाऊंनी तर्री मागितली.

तान्ह्या पोळ्याला नागपूरची पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून दारोदार नेतात. बैल खरा नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी बोजारा म्हणून खाऊ मिळतो. भाऊ माहितीपत्रकं घेऊन तसेच शोरूम ते शोरूम फिरतात आणि त्यांनाही सगळीकडे चहा मिळतो. टेस्ट राइडचा त्यांचा मार्ग ठरलेला आहे: शंकरनगर, अंबाझरी, फुटाळा आणि परत. फुटाळ्यावर गाडी उभी करून ते तिच्याकडे थोडं लांबून पाहतात, मग मोबाइल काढून तिच्याशेजारी स्वतःचा फोटो घेतात. शोरूममधली पोरं बदलली, मॅनेजर झाली, त्यांची लग्नं झाली. एकाच्या लग्नात भाऊंना अहेराचं आमंत्रण होतं.

हल्ली तर निवडीची दोन टोकंही जागेवर राहिलेली नाहीत. २०२१ ची नवी क्लासिक दिसायला आजोबा, पण आत फ्युएल इंजेक्शन, एबीएस आणि थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट. गाडी मऊ झाली, म्हणून भाऊ नाराज. “धडधड काढून घेतली ना. हे म्हणजे सावजीत तिखट नाही.” उलट जुलै २०२३ मध्ये आलेली ट्रायम्फ स्पीड ४००: गोल दिवा, जुना तोंडवळा, नाव विलायती, बनते चाकणला आणि पोटात पाण्यानं थंड होणारं ३९८ सीसीचं इंजिन. नवी गाडी जुनी दिसते, जुनी गाडी नव्यासारखी चालते. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बरं झालं, भांडण मिटलं. भाऊंना दोनच्या जागी चार गाड्या दिसायला लागल्या.

मग सरकारनंच निकाल दिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि त्यावरच्यांचा ४० टक्के झाला. क्लासिकचं इंजिन ३४९, म्हणजे रेषेच्या एक सीसी अलीकडे. त्या घराण्याच्या गाड्या बावीस हजारांपर्यंत उतरल्या. वर त्या दिवशी घटस्थापना, दहा दिवसांवर दसरा. याहून स्पष्ट कौल देवानंही दिला नसता.

भाऊ ठेल्यावर आले. चेहऱ्यावर तेज होतं. “आता थांबाच लागते,” ते म्हणाले. “चाळीस टक्के कोण भरते? ३९८ वाले आता साडेतीनशेच्या आत इंजिन आणतील. ते पाहून घेऊ, मग ठरवू.” साडेतीन मुहूर्तांपैकी दसरा गेला, दिवाळीचा अर्धा मुहूर्तही गेला.

जानेवारी २०२६ मध्ये कामचलाऊ ॲक्टिव्हाला पंधरा वर्षं पूर्ण झाली. पंधरा वर्षांनी गाडीची नोंदणी नव्यानं करावी लागते. भाऊ गिरीपेठेतल्या आरटीओत गेले. हॉर्न, दिवे, ब्रेक तपासले गेले, पर्यावरण कर भरला. सरकारनं सक्तीची केलेली नवी नंबरप्लेट आधीच लावली होती. तिची मुदत सरकारनं आदल्या वर्षी पुन्हापुन्हा वाढवली, तेव्हा भाऊंना सरकार पहिल्यांदा आपल्यातलं वाटलं होतं. रांगेत मागे उभ्या असलेल्यानं विचारलं, “काका, एवढा खटाटोप करून राहिले, नवी काहून नाही घेत?”

“घेऊन राहिलो ना,” भाऊ म्हणाले.

ॲक्टिव्हाची नोंदणी आता जानेवारी २०३१ पर्यंत आहे.