शाळा कडकच हवी

पाचवीचा निकाल लागला की सुजाण घरांत एकच खल सुरू होतो: पोराला आहे त्याच शाळेत राहू द्यायचं, की सहावीपासून ‘कडक’ शाळेत घालायचं? काही हळवे पालक त्यातही विचारतात, की ती शाळा आमच्या मुलाला मानवेल का? प्रश्नच उलटा आहे. मूल शाळेला मानवतं का, ते बघायचं. चहा आणि शाळा या दोन गोष्टी कडक असल्याशिवाय आपल्याला पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही.

कडक शाळेची थोरवी प्रवेशाच्या दिवशीच दिसते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या तेराव्या कलमानुसार मुलांची चाचणी घेऊन प्रवेश देता येत नाही. घेतलीच तर पहिल्या खेपेला २५ हजारांपर्यंत आणि पुढे दरखेपेला ५० हजारांपर्यंत दंड. म्हणून कडक शाळा चाचणी घेत नाही, ‘इंटरॅक्शन’ करते. गप्पांच्या ओघात अपूर्णांकांचा भागाकार आपसूक निघतो, तोंडी इंग्रजी निबंध निघतो. मग पालकांशी गप्पा होतात. बाबांचा हुद्दा काय, आईचं शिक्षण किती आणि आई घरी असते का? यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. रात्री अकरा वाजता पुठ्ठ्याचा ज्वालामुखी कोण करणार, हे शाळेला आधी कळायला हवं. पुढे त्या ज्वालामुखीला ‘ए प्लस’ मिळते आणि आईच्या शिक्षणाचं चीज होतं.

गृहपाठाबद्दल उगाच ओरड होते. केंद्राचं दप्तर धोरण २०२० साली आलं. सहावी ते आठवीला रोज फार तर एक तासाचा गृहपाठ, असं ते सांगतं. कडक शाळा ते तंतोतंत पाळते. गणिताच्या मॅडम एकच तासाचा देतात, विज्ञानाचे सर एकच तासाचा, इंग्रजीच्या मिसही एकच तासाचा. कुणीही मर्यादा ओलांडत नाही. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं, असंही तेच धोरण म्हणतं. म्हणजे तीस किलोच्या मुलाला तीन किलो. इथे दोष दप्तराचा नाही, मुलाचा आहे. डब्यात तूप वाढवावं, हिशेब जुळेल.

झोपेचंही तसंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने सांगितलं, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत. चौथीनंतर माणसाला झोप लागत नाही, असं सरकारलाही वाटत असावं. त्यामुळे सहावीतल्या मुलासाठी व्हॅनवाले काका सव्वासहाला हॉर्न वाजवतात तेव्हा कुठलाही आदेश मोडत नाही. मोडते ती फक्त झोप, आणि ती रविवारच्या ऑलिम्पियाड बॅचनंतर भरून काढता येते.

जेईईच्या ‘फाउंडेशन’ वर्गाचा मुद्दा निराळा काढायला हवा, कारण कडक शाळेचा खरा मान त्यातच आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासना मार्गदर्शक सूचना दिल्या, की सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नका. क्लासची अडचण झाली, शाळेची नाही. क्लासच शाळेच्या वेळापत्रकात आणून बसवला, पीटीचे दोन तास त्याला दिले, की मूल अकराव्या वर्षी जेईईच्या वाटेला लागतं. या वयात पवईच्या आयआयटीत प्रवेश मिळत नाही, ही त्या संस्थेची मर्यादा. आपण आपली तयारी ठेवावी. पोराला चित्रकला आवडत असेल तर तीही थांबत नाही. भूमितीत आकृत्या पुष्कळ असतात.

टीकाकार प्रा. यशपाल यांचं नाव काढतात. त्यांच्या समितीने १९९३ साली अहवाल दिला, की दप्तराच्या ओझ्यापेक्षा न समजण्याचं ओझं मुलांना जास्त घातक असतं. कडक शाळेने हे फार मनावर घेतलं आणि समजण्याची अटच काढून टाकली. समजायला वेळ लागतो, मध्येच प्रश्न सुचतात, पोर्शन मागे पडतो. त्यापेक्षा पोर्शन नोव्हेंबरात संपवावा आणि उरलेले महिने सराव चाचण्या घ्याव्यात. समजलेलं विसरता येतं; वीस वेळा लिहिलेलं हाताला लागतं.

आणि निकाल! गेटवर दहावीचा फलक असतो: शंभर टक्के निकाल, खाली पासपोर्ट फोटोंच्या रांगा. हे सहज होत नाही. आधी इंटरॅक्शनमध्ये जी मुलं कुठेही शिकली असती, ती निवडायची. त्यातूनही आठवी-नववीत कुणी मागे पडलं, तर त्याच्या पालकांना केबिनमध्ये बोलावून, ‘त्याच्या भल्यासाठीच’ म्हणत, दाखला काढायला सुचवायचं. अर्जावर कारण ‘पालकांची विनंती’. कुणी फारच चिकट निघालं तर दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचा सल्ला आहेच. बोर्डाला जी मुलं शाळेच्या नावावर बसतात, ती सगळी पास होतात. गळाले त्यांचा फलक लावत नाहीत, कारण गेटची रुंदी मर्यादित असते.

तरी शाळा मानवली की नाही, हे ओळखायचं कसं? खुणा सोप्या आहेत. पाचवीपर्यंत मूल विचारत असे, की पाल छतावरून पडत का नाही. आता ते एकच विचारतं, ‘हे परीक्षेला आहे का?’ हा फोकस. रविवारी संध्याकाळी त्याच्या पोटात दुखतं आणि सोमवारची सुट्टी जाहीर झाली की थांबतं. ही कॅलेंडरची जाण. मित्राला दोन मार्क जास्त पडले की ते जेवत नाही, ही जिद्द. पण सगळ्यांत भरवशाची खूण पालकांत दिसते. सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुणी ‘कुठल्या शाळेत आहे हो?’ असं विचारलं आणि शाळेचं नाव सांगताना आपला मजला कधी आला हे कळलं नाही, तर खुशाल समजावं, शाळा अगदी मापाची मिळाली. फी आपण भरतो. मग मापही आपलंच घ्यायला हवं.

अलीकडे काही समुपदेशक म्हणतात, की निर्णयाआधी मुलालाही विचारा. विचारायला हरकत काहीच नाही. फक्त ते पाचवीतच उरकून घ्यावं. एकदा कडक शाळेत वर्षभर मुरलं की ‘बाळा, तुला ही शाळा आवडते का?’ एवढं विचारलं तरी ते आधी चार पर्याय मागतं आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापणार का, ते विचारतं.