ॲव्हरेज किती देते?

एडिसन, न्यू जर्सी
श्रावणातला पहिला सोमवार

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

अण्णा, दर रविवारी फोनवर तुम्ही विचारता, “काय गं, गाडी ॲव्हरेज किती देते?” आणि मी तोंड उघडायच्या आत “घे, आईशी बोल” म्हणून फोन तिच्या हातात देता. आईला ॲव्हरेजशी देणंघेणं नाही, तिला आम्ही काय जेवलो ते हवं असतं. म्हणून हे पत्र. पोस्टाने आलेला कागद तुम्ही चष्मा पुसून दोनदा वाचता, हे मला ठाऊक आहे.

तर गाडी टोयोटा कॅमरी हायब्रिड, २०१४ ची, आम्ही तिचे तिसरे मालक. कागदावरचं ॲव्हरेज गॅलनला ४१ मैल. इथला गॅलन ३.७८ लिटरचा, म्हणजे तुमच्या हिशेबात लिटरला सतराच्या वर. त्यातही गावात ४३ आणि हायवेला ३९. नाही अण्णा, मी उलटं लिहिलेलं नाही. गावात ब्रेक जास्त लागतात. या गाडीत ब्रेकवर पाय ठेवला की विजेची मोटरच डायनामो होते आणि थांबण्याचा जोर बॅटरीत जमा करते, याला रीजनरेशन म्हणतात. तुम्ही एसटीवर असताना वाईच्या स्टँडवर नुसत्या वासावरून “याचे लायनर जळाले” म्हणायचात ना, तो वास म्हणजे जळून गेलेलं डिझेलच. ते इथे परत मिळतं. हायवेला ब्रेकच मारायचा नाही, तर परत काय मिळणार?

गाडी घरी आणायच्या दिवशीच फजिती झाली. तुमच्या जावयांनी बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं, म्हणजे चालू झालेली गाडी बंद केली. असं पाच वेळा. शेवटी विकणाऱ्याकडचा पोरगा आला आणि डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा दाखवून म्हणाला, गाडी केव्हाची तयार आहे. इंजिन गरज पडेल तेव्हा आपलं आपण जागं होतं. सिग्नलला निजतं, एसी मात्र चालू राहतो, कारण त्याचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. तुम्ही शेजारी बसलात तर पहिल्या सिग्नललाच “बंद पडली, ढकला” म्हणून खाली उतराल, याची धाकट्याने आत्ताच पैज लावली आहे.

बॉनेट उघडून दाखवलं तर तुम्हाला आधी वाईट वाटेल. स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच नाही, पहिला-दुसरा गिअर नाही. त्याऐवजी एक दातेरी रचना आहे: मधे सूर्य, भोवती ग्रह, बाहेरून कडं. इंजिन ग्रहांना फिरवतं, एक मोटर सूर्याला धरून असते आणि कड्यावरून जोर चाकांना जातो. चढ लागला की इंजिन मोठ्याने ओरडतं आणि वेग मात्र जागच्या जागी. “क्लचप्लेट गेली,” असं तुम्ही म्हणाल. गेलेली नाही, ती मुळात नाहीच.

गाडी छान आहे. बिघडलेत ते तुमचे जावई.

समोर एक काटा आहे, त्या क्षणी ॲव्हरेज किती पडतंय ते दाखवणारा. त्यांचं लक्ष रस्त्यावर कमी आणि त्या काट्यावर जास्त. ‘ईव्ही’ असा दिवा लागला की गाडीत बोलायची बंदी. मोठीला एकदा शिंक आली तर म्हणाले, “हळू, इंजिन उठेल.” मग कुठेतरी वाचून त्यांना एक विद्या सापडली: जरा वेग घ्यायचा, पाय उचलायचा, गाडी वाहू द्यायची, लांबचा सिग्नल लाल दिसला की इकडूनच सोडून द्यायचं. आठवडाभर मला त्यावर व्याख्यान. मी म्हटलं, अहो, हे अण्णा सुरूर फाट्यापासून वाईपर्यंत पन्नास माणसं बसवून रोज करत होते. डेपोने डिझेल बचतीचा स्टीलचा डबा दिलाय त्याबद्दल, आई अजून त्यात साखर ठेवते. तेव्हापासून तुमचा मान या घरात फार वाढलाय.

यांचा खरा शत्रू पेट्रोल पंपावर आहे. न्यू जर्सीत आपल्या हाताने पेट्रोल भरायला बंदी आहे, १९४९ पासूनचा कायदा. आपण गाडीत बसायचं, पंपावरचा माणूस भरतो. (आपल्याकडे हे सगळीकडेच आहे, पण इथे बाकीच्यांना त्याचं नवल.) आता टाकी टू टाकी हिशेब काढायचा तर नळी पहिल्यांदा ‘टक्’ करते तिथेच थांबायला हवं. पण आमच्या पंपावरच्या काकांना राउंड फिगर लागते. ३७ डॉलर ४० सेंटला टक् झालं की ते टक्, टक्, टक् करत चाळीसवर नेऊन ठेवतात आणि हसून पावती देतात. तिकडे यांची हिशेबाची वही नासते. एकदा काच खाली करून त्यांना अर्धा तास शास्त्र समजावलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चाळीसवर नेऊन ठेवलं.

हिवाळ्याचं सांगायला नको, पण सांगते. थंडीत सगळ्याच गाड्यांचं ॲव्हरेज पडतं, हायब्रिडचं जास्त. सरकारी आकडा असा, की शून्याखाली सहा-सात अंशांत गावातल्या गावात साध्या गाडीचं सुमारे १५ टक्के घटतं आणि हायब्रिडच्या छोट्या फेऱ्यांचं ३० ते ३४ टक्के. हीटरला ऊब इंजिनचीच लागते, म्हणून ते झोपतच नाही. आमची शाळा दोन मैलांवर, इंजिन तापतंय तोवर शाळा येते. जानेवारीत आकडा ३० वर आला तेव्हा यांनी हीटर बंद केला. माकडटोपी घालून चालवायला हे आणि मागे गोधडीत दोन गाठोडी. शाळेच्या दारातल्या बाई रोज मला विचारायच्या, घरी सगळं ठीक आहे ना? महिन्याला वाचले चार-पाच डॉलर. खोकल्याचं औषध बारा डॉलरचं.

जुलैत नायगाराला गेलो. जाऊन-येऊन आठशे मैल. टाकी १७ गॅलनची, तेव्हा एका टाकीत काही जमेना, पण एकदाच भरायचं असा यांचा पण. ६५ ची पाटी असलेल्या रस्त्यावर आम्ही ५५ ने. अण्णा, लाकडं भरलेला ट्रकसुद्धा आमच्याकडे दयेने बघत पुढे गेला. पोकोनोच्या डोंगरात लांब उतार लागला आणि बॅटरीच्या सगळ्या पट्ट्या भरल्या. आता वीज ठेवायला जागा नाही, म्हणून गाडीने इंजिन नुसतंच घुमवून वेग अडवायला सुरुवात केली. हे घाबरले. म्हणाले, पेट्रोल जातंय! मी म्हटलं, थेंब जात नाही, दांडा ‘बी’वर घ्या. ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर, हे मी सहा वर्षांची असल्यापासून ऐकतेय. घेतला. गाडी गुरगुरत, शहाण्यासारखी खाली आली. पुढचे दहा मैल कोणी बोललं नाही.

न्यू यॉर्क राज्यात आपल्या हाताने भरता येतं. तिथे यांनी नळी धरली, पहिल्या टक्ला सोडली आणि डोळे मिटून उभे राहिले. मोठीच्या जन्माच्या वेळीही चेहरा असा नव्हता.

आणि धबधबा! सगळे तोंडाचा आ करून बघतायत, फवारा अंगावर येतोय, आणि तुमचे जावई म्हणतात, “केवढा उतार, आणि रीजनरेशन शून्य.” मी पाटीवरचं वाचून दाखवलं, की १८९५ पासून इथे मोठ्या प्रमाणावर वीज काढतात, आणि १९५० च्या करारानुसार मोसमात रात्री प्रवासी गेले की पाणी निम्म्यावर आणून बाकीचं विजेकडे वळवतात. तेव्हा कुठे त्यांनी नायगाराकडे नीट पाहिलं. फोटोही काढला.

घरी पोचल्यावर वही उघडली: ४२.३. शेजाऱ्यांना पेढे वाटायचे होते, मी चकल्यांवर भागवलं.

आईला सांगा, मेतकूट संपलंय. व्हिसाची तारीख मिळाली की कळवा. मागच्या सीटपाशी बॅटरीला हवा जायची जाळी आहे, तिच्यावर आईने शाल ठेवायची नाही, एवढं मात्र आधीच सांगून ठेवते. डिकीतही थोडी जागा बॅटरीने घेतलीय, तेव्हा बॅगा दोनच आणा.

कळावे,
तुमची सुमी

ता. क. : हे आता कागद घेऊन आलेत. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरलं तर बॅटरी किती भरेल, याचा हिशेब मांडलाय. अर्ध्या घाटातच भरते म्हणतात. उरलेल्या अर्ध्या घाटाचं काय करायचं ते अण्णांना विचार, म्हणून मागे लागलेत. दोन ओळी लिहून कळवा, नाहीतर हे झोपायचे नाहीत.