समासपंत

शाळेत आमच्या बाई वहीला समास सोडला नाही तर पान फाडायला लावायच्या. त्यानंतर पन्नास वर्षं मला समासावरून कोणी बोललं नाही. मग सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर समासपंत राहायला आले.

नाव अर्थात मी ठेवलेलं. वय अडतीसच्या आसपास, नोकरी हिंजवडीला, आठवड्यातले तीन दिवस घरून. अंगात बारा महिने टीशर्ट आणि छातीवर एकमेकांत गुंतलेले दोन साप, एक निळा, एक पिवळा. पहिल्या दिवशी ते आमच्याकडे वायफायचा पासवर्ड मागायला आले आणि बोलता बोलता म्हणाले, “काका, तुमच्या कॉम्प्युटरवर पायथॉन टाकून देऊ का?” आमची ही स्वयंपाकघरातून ओट्यावरचं लाटणं घेऊनच बाहेर आली.

सापाशी या भाषेचा संबंध नाही, हे त्यांनी तेव्हा उभ्या उभ्या पाऊण तास समजावलं. खिदो व्हान रॉसम नावाच्या डच माणसाने 1989च्या नाताळच्या सुट्टीत करमणूक म्हणून ही भाषा लिहायला घेतली. तो तेव्हा बीबीसीवरच्या ‘मॉन्टी पायथॉन’ या विनोदी मालिकेचा चाहता होता, म्हणून हे नाव. “मग छातीवर साप कशाला?” असं हिने विचारलं. पंत पासवर्ड न घेताच वर गेले.

तर समास. या भाषेत कुठली ओळ कुणाच्या पोटात आहे, हे ती डावीकडून किती आत सरकवली यावरून ठरतं. बाकीच्या कित्येक भाषा त्यासाठी महिरपी कंस घालतात. इथे नुसती मोकळी जागा, रिवाज चार स्पेसचा. मधल्याच एखाद्या ओळीला चुकून तीन पडल्या, तर यंत्र पुढे पाऊल टाकत नाही. कंस वापरू द्या अशी विनंती केली, तर भाषाच “शक्यता नाही” असं छापून उत्तर देते. ही गंमत भाषा करणाऱ्यांनी मुद्दाम आत ठेवली आहे. पंतांनी मला ती चार वेळा दाखवली आणि चारही वेळा एकटेच हसले.

हे सगळं त्यांच्या कॉम्प्युटरपुरतं राहिलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण मी सोसायटीचा खजिनदार, नोटीस मी लावतो. “पाणी सकाळी सहा ते आठ येईल. कुत्री लिफ्टमधून नेऊ नयेत.” दुसरी ओळ जरा आत सरकली होती. पंत फलकापुढे थबकले.

“काका, कुत्री पाण्याच्या पोटात आहेत की शेजारी?”

“शेजारी.”

“मग आत का ढकललीत? आत्ताच्या अर्थाने कुत्र्यांना फक्त सहा ते आठ बंदी आहे.”

दुसऱ्या मजल्यावरच्या लॅब्रेडॉरवाल्यांनी हे ऐकलं आणि त्या दिवसापासून ते बरोब्बर सव्वाआठला लिफ्टपाशी उभे राहू लागले.

पंत देवधर्म करत नाहीत, पण त्यांची एक पोथी आहे. एक छोटी आज्ञा दिली की टिम पीटर्स नावाच्या गृहस्थाची एकोणीस वचनं पडद्यावर उमटतात. वचनं वीस आहेत असं त्याने सांगितलं, विसावं मात्र लिहिलंच नाही. आमच्या बँकेत अशी एक कमी नोंद निघाली असती तर चौकशी बसली असती. पायथॉनवाल्यांकडे तिला तत्त्वज्ञान म्हणतात.

त्यांना एक सुतकही आलं होतं. खिदोला या मंडळींनी दिलेली पदवी ‘आजन्म दयाळू हुकूमशहा’. भाषेत एक नवं चिन्ह घ्यावं की नाही यावरून इतकी भांडणं झाली, की 2018च्या जुलैत हुकूमशहाच कंटाळून पायउतार झाला. चिन्ह म्हणजे काय, तर एकावर एक दोन ठिपके आणि त्यांना चिकटलेली बरोबरची खूण. हे लोक त्याला वॉलरस म्हणतात. पुढे कारभार पाच जणांच्या निवडून दिलेल्या पंचांकडे गेला. पंतांनी हे सर्वसाधारण सभेत उदाहरण म्हणून सांगितलं. आमचे चेअरमनही आजन्मच आहेत, दयाळू तेवढे नाहीत. विषय पुढच्या सभेवर गेला.

त्याच सभेत मेंटेनन्सची बिलं पंतांच्या प्रोग्रॅमवर काढायचं ठरलं. मी तीन वर्षं ती एक्सेलमध्ये काढत होतो. महिन्याला एक दुपार जायची. पंत म्हणाले, एका बटणावर होईल. बटण यायला पाच महिने लागले, कारण आधी चूल मांडायची होती. म्हणजे असं, की प्रत्येक कामाला लागणारं सामान वेगळं, आणि एकाचं दुसऱ्यात मिसळलं की दोन्ही बिघडतात. म्हणून वाटण्या झालेल्या कुटुंबात मांडतात तसं, घर एक, चुली वेगळ्या. पण ही चूल कशी मांडावी यावर या मंडळींचं कधी एकमत झालेलं नाही. पिप, व्हर्च्युअलएन्व्ह, कोंडा, पिपएन्व्ह, पोएट्री. पंतांनी एकेकदा सगळ्या मांडल्या आणि मोडल्या. सध्या यूव्ही आहे. ते रस्ट या दुसऱ्याच भाषेत लिहिलंय, हे सांगताना त्यांनी आवाज खाली घेतला, घरातला मुलगा परजातीत लग्न करतोय असं सांगावं तसा.

अखेर बिलं निघाली. त्याच संध्याकाळी माझ्या दारात भांडण उभं. सगळ्यांना बिल पूर्ण रुपयात हवं असतं. 302चं येत होतं 1842 रुपये 50 पैसे, 303चं 1843 रुपये 50 पैसे. प्रोग्रॅमने 302ला 1842 लावले आणि 303ला 1844. एक रुपयाचा फरक होता त्याचे दोन झाले. 303मधल्या वहिनी एका रुपयासाठी आल्या नव्हत्या, तत्त्वासाठी आल्या होत्या. रुपयावरची भांडणं लवकर मिटतात, तत्त्वाची मिटत नाहीत.

मी वर गेलो. पंतांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “काका, भारी केस आहे! पायथॉन तीनमध्ये बरोब्बर अर्धा आला, की जवळच्या सम संख्येकडे जातात. अडीचचे दोन, साडेतीनचे चार. याला बँकर्स राउंडिंग म्हणतात.”

मी चौतीस वर्षं बँकेत काढली. “पंत,” मी म्हणालो, “असं राउंडिंग मी काउंटरवर केलं असतं, तर संध्याकाळपर्यंत मला बदलीची ऑर्डर मिळाली असती. पन्नास पैसे आणि वर म्हणजे पुढचा रुपया. आणि हिशेब रुपयात कशाला ठेवतोस? सगळा पैशात ठेव, पूर्णांकात.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग प्रोग्रॅम दुरुस्त केला आणि वर एक ओळ टाकली, ‘काकांच्या सांगण्यावरून’. समास बरोबर होता.

पुढच्या शनिवारी मला ते त्यांच्या मीटअपला घेऊन गेले. 2011 साली पायकॉन इंडिया हे मोठं संमेलन पुण्यात झालं होतं, त्याचा विटलेला टीशर्ट त्यांनी त्या दिवसासाठी इस्त्री केला होता. कुठल्याशा कंपनीचं सभागृह, शंभरेक पोरं. प्रवेश फुकट, साहेब कोणी नाही. सहाव्या सेमिस्टरची एक मुलगी थरथरत बोलली. ती अडखळली तिथेच टाळ्या वाजल्या, बोलणं जमलं तिथे नाही. आमच्या बँकेच्या ट्रेनिंग कॉलेजात मी हे उलटं पाहिलेलं. आणि शेवटी, मला न विचारता, पाच मिनिटांच्या भाषणासाठी माझं नाव पुकारलं.

“काका, पायथॉनमध्ये काय करता?” एकाने विचारलं.

“एक्सेल,” मी म्हणालो. सभागृहात शांतता पसरली. मग मी 302, 303 आणि वहिनींचं तत्त्व सांगितलं. बँकर्स राउंडिंग मी तरी कुठल्या बँकरला करताना पाहिलं नाही, हे सांगितल्यावर पोरं बाकं वाजवायला लागली. मला एक स्टिकर मिळालं. ते मी सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीला लावलं आहे, दोन साप, शिक्क्याशेजारी.

या मार्चला ऑडिटरने हिशेब पाहिला. पैशाचा फरक निघाला नाही. मी पेढे घेऊन चौथ्या मजल्यावर गेलो. पंतांनी एक तोंडात टाकला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

“काका, आता हे सगळं नव्याने लिहायला घेतोय.”

“का? चालतंय ना?”

“चालतंय हो. पण सुंदर नाहीये.”

मी खाली आलो, जुनी एक्सेलची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि कपाटात तांब्याच्या डब्यात, मुदत ठेवीच्या पावत्यांखाली ठेवून दिली.