कानसेनाचं अर्थिंग

गाडीत गाण्यामागे 'कुंईई' वाजायला लागलं की सामान्य माणूस आवाज वाढवतो. मी सामान्य माणूस नाही, मी कानसेन आहे. तानसेन व्हायचं राहून गेलेल्या मराठी मध्यमवर्गीयाला मिळणारी ही उत्तेजनार्थ पदवी मी बरीच वर्षं मिरवतो आहे. सवाई गंधर्व महोत्सवात तंबोरे जुळत असताना डोळे मिटून मान हलवणारा, आणि आपल्याकडे कुणी बघतंय का हे पाहायला मधूनच एक डोळा किलकिला करणारा जो गृहस्थ असतो, तो मीच.

त्यामुळे डिक्कीत अँप आणि वूफर बसवून घेतल्यावर भीमसेनजींच्या षड्जामागे दुसराच कुणीतरी सूर लावून बसलेला ऐकू आला, तेव्हा मी आधी खूश झालो. कान पाहिजेत तर असे! हिला म्हटलं, "ऐक, सिग्नलला एका सुरावर थांबतो आणि रेस दिली की मींड घेत वर जातो."

"मला पहिल्या दिवसापासून ऐकू येतोय," ही म्हणाली. "तुम्हाला आज आला का?"

हा गवई म्हणजे अल्टरनेटर. इंजिन फिरतं, पट्ट्यावर हा फिरतो आणि बॅटरी भरतो. त्याची वीज मुळात एसी. आतले डायोड तिला वळण लावून डीसी करतात, पण थोडी लहर उरतेच. उभ्या गाडीत इंजिनाचे मिनिटाला 800 फेरे धरले, तर ही लहर साधारण सेकंदाला हजार-बाराशे वेळा उठते. गाडी 2000 फेऱ्यांवर गेली की तीन हजारांच्या घरात. माणसाचा कान नेमका 2000 ते 4000 हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. म्हणजे ही शिट्टी आपल्या कानाचं माप घेऊनच शिवलेली. इंजिनाचे फेरे दुप्पट झाले की सूर बरोबर एक सप्तक चढतो. इतका हिशेबी गवई मी महोत्सवातही ऐकलेला नाही.

आता तंबोऱ्याचा विषय निघालाच आहे तर थोडं मिरजेला जाऊन येऊ. गाडीनेच जाऊ, म्हणजे साथीला तो गवई आहेच. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, कारागिरी मिरजेची. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले, आणि ते स्वतः वाद्यं दुरुस्तही करत. तंबोऱ्याचा जीव असतो जवारीत. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कारागीर घासत बसतो. एक हात कानशीवर, दुसरा तारेवर, आणि कान घोडीला लावलेला. एक घास कमी पडला तर तार मुकी, एक जास्त झाला तर ती खरखरते. शेवटी तारेखाली सुती दोरा सरकवायचा, अगदी केसभर इकडे, केसभर तिकडे. आणि एका जागी तार अचानक उघडते, तिच्यातून झण्ण करत सगळे स्वर बाहेर पडतात. माणसं पिढ्यान् पिढ्या खपली ती हा गुंजारव तारेत आणायला. आणि मी पैसे मोजत होतो तो गाडीतून घालवायला! असो. मिरज सोडवत नाही, पण सिग्नल सुटला.

मनातून मला वाटत होतं, एवढ्या भारी सिस्टिमचा बिघाडही भारीच असणार. कार म्युझिकवाल्यांनी माझी निराशा केली नाही. एकाने महागडा फिल्टर सुचवला, दुसऱ्याने नवा अल्टरनेटर. तिसरा म्हणाला, "साहेब, गाडी आहे, एवढं चालायचंच. जरा व्हॉल्यूम वाढवून ऐकायचं." या 'चालायचंच'ने माझं डोकं फिरतं. जिन्यातला दिवा बंद, चालायचंच. माइक शिट्टी मारतोय, चालायचंच. आपल्याकडे बिघाड दुरुस्त होत नाहीत, ते वयात येतात.

शेवटी एका गॅरेजातल्या पोराने डिक्की उघडली. त्याने डेककडून अँपपर्यंत गाणं आणणाऱ्या वायरींचे आरसीए जॅक काढले आणि तिथे शॉर्ट केलेले दोन जॅक लावले. शिट्टी गप्प. "अँप ठीक आहे. आवाज वायरीतून येतोय." मग मल्टिमीटरची एक पिन अँपच्या अर्थिंगला, दुसरी लांब वायरीने बॅटरीच्या मायनसला, इंजिन चालू, मीटरवर फरक. म्हणजे डेकची अर्थिंग डॅशबोर्डमागे आणि अँपची डिक्कीत, दोन्हींच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक. तेवढ्याने आरसीए वायरीच्या बाहेरच्या जाळीतून करंट वाहतो आणि अँप इमानेइतबारे तोही मोठा करून ऐकवतं. अँपला गाणं आणि कुंई यांतला फरक कळत नाही. त्याला कान नसतात, कानसेन तर ते मुळीच नसतं.

पोराने अर्थिंगचा स्क्रू काढला. वायरीचा छल्ला थेट रंगावर बसवलेला होता! खाली कंपनीचा चकचकीत पेंट, कुठेही ओरखडा नाही. त्याने पॉलिश पेपर घेतला आणि रुपयाएवढी जागा घासत राहिला. रंग गेला, खालचा प्रायमर गेला, मग पांढरा लखलखीत पत्रा उघडा पडला. दातेरी वॉशर टाकून छल्ला आवळला, वर गंज धरू नये म्हणून ग्रीस चोपडलं. आरसीए आणि बॅटरीची जाड वायर एकाच टायने बांधून नेलेली होती, ती सोडवून एक डाव्या बाजूने नेली, एक उजव्या. चावी फिरवली. रेस दिली. भीमसेनजी एकटेच गात होते.

"झालं, काका." फिल्टरवाल्यांकडे मी साहेब होतो.

खरं सांगायचं तर त्या शांततेत मला आठवली ती आई. तिच्या कानाला यंत्र आहे. यंत्र शब्द मोठे करतं, आणि पंखा, कुकर, टीव्हीही. ती "काय?" म्हणाली की घरातले आम्ही सगळे आवाज वाढवतो. गाडीतल्या शिट्टीसाठी मी गावभर फिरलो, पण आईशी बोलताना टीव्ही बंद करून तिच्यासमोर बसणं सुचलं नाही. त्याला पैसे पडत नाहीत, एवढंच. ती एकदा म्हणाली होती, "ओरडू नकोस रे, जवळ ये." कुणाही कार म्युझिकवाल्याने याहून नेमका सल्ला दिलेला नाही.

तेव्हा तुमच्या गाडीत शिट्टी वाजत असेल तर आधी मोबाइलचा चार्जर काढून बघा. चार्जर आणि ऑक्सची वायर एकत्र लावली की बऱ्याचदा हाच खेळ होतो. तरी वाजली तर अर्थिंग बघा. वायर आखूड ठेवा, रंग खरवडा आणि सीटबेल्टच्या बोल्टला ती अजिबात बांधू नका, तो बोल्ट जीव वाचवायला असतो. फिल्टर सगळ्यात शेवटी. आणि व्हॉल्यूम वाढवा असं सांगणाऱ्याला एक पैसाही देऊ नका.