गळाभेटीचा परवाना

बऱ्हाणपुरात सध्या एका जिनसेचा तुटवडा पडला आहे, आणि त्याची नोंद ना नगर निगमाच्या दप्तरी सापडते, ना केळी मंडीच्या भावपत्रकात. केळी मुबलक आहेत. मावा जिलेबीच्या कढया मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या असतात. पॉवरलूमची खडखड तर पाहुण्याखेरीज कोणाला ऐकूही येत नाही. तुटवडा आहे तो दोन मित्रांनी एकमेकांचा हात हाती धरून शनवाऱ्यापासून गांधी चौकापर्यंत, काहीही खरेदी करावयाचे नसताना, रमतगमत चालत जाण्याचा.

साठी उलटलेल्या मंडळींत हा व्यवहार अजून जुन्या दराने चालू आहे. आमच्या नित्याच्या रस्त्यावर एक निवृत्त मास्तर आणि एक निवृत्त विणकर रोज सायंकाळी दृष्टीस पडतात. मास्तरांची करंगळी विणकराच्या करंगळीत अडकलेली असते आणि संभाषणाचा विषय सुताच्या भावापासून जावयाच्या वर्तणुकीपर्यंत, आणि तेथून मूतखड्यापर्यंत, कोठेही भटकत असतो. एखादा टेम्पो अंगावर आला म्हणजे विणकर मास्तरांना कोपराला धरून बाजूला ओढतात. टेम्पो निघून जातो, धूळ बसते, परंतु धरलेले कोपर सोडावयाचे असते हे विणकरांच्या ध्यानी येत नाही, आणि आपले कोपर सध्या दुसऱ्याच्या ताब्यात आहे याची मास्तरांनाही वार्ता नसते.

याउलट विशीतले दोन तरुण त्याच रस्त्यावर भेटतात तेव्हा जो विधी संपन्न होतो त्याचे वर्णन सावकाश करणे भाग आहे, कारण तो स्वतः अतिशय घाईने उरकला जातो. प्रथम ‘भाई!’ अशी आरोळी. मग मुठीवर मूठ. त्यानंतर प्रेमाचा उमाळा अनावरच झाला तर आलिंगन, परंतु त्यातही जोडलेल्या उजव्या हातांची मूठ दोन छात्यांच्या मधोमध रोवलेली, जेणेकरून उभयपक्षी वीतभर हवा खेळती राहावी. आणि डाव्या हाताने परस्परांच्या पाठीवर दोन-तीन सणसणीत थपडा, ज्या ऐकून एखाद्या नव्या हवालदाराने मारहाणीचा गुन्हा दाखल करून घ्यावा. थपडा संपल्या की दोघेही एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे पाहतात. आपुलकी मुद्देमालासह पकडली जाऊ नये म्हणून तिला मारामारीचा वेष चढविण्याची ही युक्ती कोणी शोधली ते आम्हांस ठाऊक नाही. तिचा प्रसार मात्र कोणत्याही सरकारी योजनेहून अधिक झाला आहे.

या दस्तुरात सवलतीही आहेत. भारताने क्रिकेटचा सामना जिंकला की वाटेल त्याच्या गळ्यात वाटेल त्याने पडावे, मुभा आहे. वरातीत आहे. मद्यप्राशनानंतर आहे, आणि तेव्हा तर मित्राच्या खांद्यावर मस्तक टेकवून अश्रू ढाळण्याचीही तरतूद आहे, मात्र दुसऱ्या दिवशी त्याचा उल्लेख करणे नियमबाह्य. ईदेची गळाभेट आणि दसऱ्याची उराउरी भेट या धर्माच्या खात्यावर पडतात, म्हणून त्यांची तपासणी होत नाही. सर्वांत उदार अंमल आखाड्याचा. तेथे लंगोट लावलेले दोन गडी अर्धा अर्धा तास एकमेकांना तांबड्या मातीत लोळवतात, आणि सभोवती बसलेल्या समस्त ज्येष्ठांच्या मनात यत्किंचितही किंतु येत नाही. पाडण्याच्या हेतूने धरलेला देह निर्दोष आणि सावरण्याच्या हेतूने धरलेला हात संशयास्पद, असा हा आमच्या काळाचा न्याय आहे.

पूर्वीच्या लोकांना मिठीचे भय नव्हते असे मात्र कोणी समजू नये. भय होते, परंतु ते अधिक प्रतिष्ठित होते. १६५९ च्या नोव्हेंबरात प्रतापगडाच्या पायथ्याशी जी मिठी मारली गेली तिच्यात कट्यारही होती आणि वाघनखेही. पुढे ११ जून १६६५ रोजी पुरंदराखालच्या छावणीत मिर्झाराजा जयसिंगाने चार पावले पुढे होऊन शिवाजी महाराजांना आलिंगन दिले आणि आपल्याशेजारी बसवून घेतले, तेव्हा अफझलखानाची भेट स्मरून त्याने सभोवती हत्यारबंद रजपूत उभे करण्याची खबरदारीही घेतली होती. हेच मिर्झाराजे दोन वर्षांनी, १६६७ मध्ये, आमच्या या बऱ्हाणपुरात वारले. तापी आणि मोहना यांच्या संगमापाशी त्यांची छत्री उभी आहे. तात्पर्य, त्या काळी आलिंगन देणाऱ्याला समोरच्याच्या अस्तनीतील शस्त्राची धास्ती असे. आजच्या तरुणाला समोरच्याची धास्ती नाही. त्याला धास्ती आहे ती पानाच्या ठेल्यावरून मोबाईल रोखून उभ्या असलेल्या तिसऱ्याची. इतका मोठा राजकीय विषय इतक्या क्षुद्र पातळीवर यावा, हे इतिहासाच्या अभ्यासकांनी अवश्य टिपून ठेवावे.

हा संशय आमच्या गावी केव्हा दाखल झाला? आम्ही आपल्या अल्पमतीप्रमाणे २००३ हे साल सुचवितो. त्या वर्षी १५ ऑगस्टला बऱ्हाणपूर खंडव्यापासून विभक्त होऊन स्वतंत्र जिल्हा झाले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘कल हो ना हो’ हा चित्रपट प्रदर्शित झाला, ज्यात दोन मित्रांना निकट पाहून घरातील कांताबेन नामक बाई पुनःपुन्हा भयचकित होतात. लोक पोट धरधरून हसले, आणि घरी परतताना मित्राच्या खांद्यावरचा हात काढून खिशात घालते झाले. पुढे २००८ साली ‘दोस्ताना’ आला आणि उरलेसुरले हातही खिशात गेले. चित्रपटांना सगळा दोष देणे अन्याय्य होईल. १९७५ च्या ‘शोले’त एकाच मोटारसायकलवर एका मित्राने दुसऱ्याच्या खांद्यावर बसून गाणे म्हटले तेव्हा हाच प्रेक्षकवर्ग निःशंक होता. घडले ते एवढेच, की पुरुषाचे पुरुषावर प्रेम असू शकते ही बातमी आमच्याकडे पंजाब मेलने येऊन पोहोचली, आणि त्यात बिघडले काय, ही समज पॅसेंजरने निघाली असून अद्याप वाटेतल्या स्थानकांवर थांबत थांबत येत आहे.

हा गोंधळ केवळ आमचाच नव्हे. २००५ च्या एप्रिलमध्ये टेक्सासमधील क्रॉफर्ड येथे अध्यक्ष बुश यांनी सौदी युवराज अब्दुल्ला यांचा हात धरून त्यांना आपल्या शेतघराकडे नेले, तेव्हा अमेरिकेत केवढा उपहास झाला! युद्ध, तेल, कर्ज, कशावरही जो समाज इतका हसला नसेल, तो दोन वृद्धांच्या गुंफलेल्या बोटांवर हसला. अरबस्तानात त्या दृश्याला कोणी ढुंकूनही पाहिले नसते. शनवाऱ्यावरही पाहिले नसते, निदान तोवर तरी नाही.

येथे गतकाळाचे श्राद्ध घालून दोन अश्रू ढाळावे, असा काही वाचकांचा आग्रह असेल. तो आम्हांस नामंजूर आहे. मास्तर आणि विणकर यांची ती सुंदर सायंफेरी शक्य होत असे, कारण त्याच वेळी एकीकडे मास्तरीणबाई भाकऱ्या थापीत असत आणि दुसरीकडे विणकराची बीबी दुसऱ्या दिवसाच्या मागासाठी कांड्या भरीत असे. रस्ता पुरुषांचा होता, म्हणून हातही पुरुषांचेच होते. नवविवाहित दांपत्य तापीच्या राजघाटावर जाई तेव्हा नवरा चार पावले पुढे आणि नवरी चार पावले मागे, असा काफिला निघे, आणि त्यांना ओलांडून दोन मित्र गळ्यात गळे घालून खुशाल जात. आता दांपत्यांची बोटे जुळू लागली आहेत, हे शुभवर्तमान होय. परंतु त्याच मुहूर्तावर मित्रांची बोटे सुटली, जणू नगरात हस्तधारणाचा एकूण कोटा ठरलेला असून एकाला दिला की दुसऱ्याचा कापावा लागतो. तशात स्वयंनियुक्त संस्कृतिरक्षक घाटावरच्या जोडप्यांना ओळखपत्रे विचारीत हिंडतात, तेव्हा त्या जोडप्यांचाही कोटा मंजूर झालेला आहे असे म्हणवत नाही.

या विषयी एका तरुण कापड दुकानदाराची आम्ही जबानी घेतली. मित्राच्या गळ्यात हात घालण्यास तुझी हरकत काय, असे विचारता तो म्हणाला, ‘काका, हरकत कसली? पण लोक काय समजतील?’ काय समजतील, असे पुन्हा विचारले तेव्हा तो कापडाची घडी उगाच दोनदा उलगडून पुन्हा घालू लागला आणि अखेरीस ‘तेच ते’ एवढेच बोलला. ‘तेच ते’ म्हणजे काय, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेला असून प्रौढांचे परस्परसंमतीचे प्रेम तेव्हाच्या दंडविधानातील कलम ३७७ खाली गुन्हा राहिलेले नाही. म्हणजे जो गुन्हा खुद्द न्यायालयाच्या वहीतून खोडला गेला, त्याच्या नुसत्या संशयाला भिऊन आमचे निरपराध तरुण रोज जामीन भरीत आहेत. आणि ज्यांचे प्रेम खरोखरच त्या प्रकारचे आहे, त्या थोड्यांची अवस्था याहून बिकट आहे: पूर्वी सगळेच हात धरीत, त्या गर्दीत त्यांचाही हात कोणाच्या तरी हातात सुखाने राहून जाई, सगळ्यांनी हात सोडले तेव्हा त्यांचा तेवढा आडोसाही गेला. ज्या दिवशी ‘तेच ते’ समजले जाण्यात अप्रतिष्ठा उरणार नाही, त्या दिवशी छात्यांमधली ती मूठ आपोआप निघेल. तोवर पाठी बडवल्या जातील.

तरी वाचकांस विनंती अशी, की येत्या दसऱ्याला आपट्याचे पान हाती ठेवताना मित्राला एकदा थप्पड न मारता भेटून पाहावे, आणि भेट झाल्यावर डावीउजवीकडे पाहू नये. कोणी हटकलेच, तर मित्र आहे असे सांगावे. मित्राहून अधिक कोणी असेल, तर तसे सांगावे किंवा सांगू नये. दोहोंपैकी कशाचाही पंचनामा करण्याचा अधिकार पानाच्या ठेल्याला देण्यात आलेला नाही.